बारा वर्षं थांबणारी रायफल

२००७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी एका दहा महिन्यांच्या बाळाला बंदूक बाळगण्याचं ओळखपत्र दिलं. त्या राज्यात बंदूक जवळ ठेवायची तर असं कार्ड लागतंच. आजोबांनी नातवासाठी घराण्याची ठेव म्हणून बेरेटाची बारा बोअरची शॉटगन घेतली होती, आणि बापानं बाळाच्या नावानं पाच डॉलर भरून अर्ज केला. कार्ड रीतसर आलं. त्यावर बोळकं हसणाऱ्या बाळाचा फोटो, उंची २ फूट ३ इंच, वजन २० पौंड, आणि सहीच्या जागी मुठीत पेन देऊन उमटवलेली रेघोटी. बातमी जगभर फिरली. कुणी हसलं, कुणी कपाळाला हात लावला. मला मात्र खटकत राहिली ती बंदूक. चर्चा सगळी कार्डाची झाली, पण आजोबांनी काय निवडलं आणि का, यावर फारसं कुणी बोललंच नाही. बारा बोअर, खांद्याला एवढा दणका देणारी? नातू मोठा होईपर्यंत ती आजोबांकडेच राहायची होती, हे खरं. पण तो दहा-बारा वर्षांचा होऊन पहिल्यांदा ती खांद्याला लावेल तेव्हा काय होईल, हे कुठलाही शिकारी सांगेल. पहिल्याच दणक्याला खांदा बधिर झालेलं पोर दुसऱ्यांदा बंदुकीजवळ जायला कां कूं करतं.

पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मोंटाना अशा राज्यांतल्या खेड्यापाड्यांत नातवंडासाठी रायफल घेणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आपल्याकडे बारशाला चांदीची वाटी-चमचा येतो आणि तो मूल जेवायला लागायच्या आत कपाटात जातो, तसंच ते. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा हंगाम वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी गावोगावच्या शाळांना चक्क सुट्टी असायची. २०१९ मध्ये तो मुहूर्त शनिवारवर नेला, तर त्यावरही केवढी कुरकुर झाली. जिथे शाळेचं वेळापत्रक हरणावर ठरतं, तिथे आजोबाच्या मनात बाळ आणि रायफल एकाच वेळी येणं साहजिक आहे. मला त्यात थोडं आकर्षणही वाटतं आणि थोडं पोटात कालवतंही, आणि ही दोन्ही खरी आहेत. पण दुकानाच्या काउंटरवर उभं राहून 'बाळासाठी रायफल दाखवा' म्हणणाऱ्या माणसाचा बहुतेक वेळा एक घोटाळा होतो. तो रायफल निवडतो ती स्वतःच्या डोळ्यांना आवडेल अशी. खरं तर त्याला निवडायची असते मधली बारा वर्षं. पेनसिल्व्हेनियात शिकारीचा स्वतंत्र परवाना बाराव्या वर्षी मिळतो. तोवर ती रायफल बहुतेक वेळ अंधारात, न हलता, न उडता पडून राहणार. अशा पडून राहण्यात काय टिकतं आणि काय नासतं, त्यावर निवड ठरते.

सगळ्यात आधी काडतूस.

बंदूक शंभर वर्षं टिकते, काडतूस टिकेलच असं नाही. रेमिंग्टननं १९७० च्या सुमारास पाच मिलिमीटरचं एक रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर पिन आपटून उडणारं, मॅग्नम काडतूस काढलं. वेगवान, अचूक, कौतुकाचं. त्यासाठीच्या बोल्ट-अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट मागेपुढे सरकवायच्या, रायफलीही देखण्या होत्या. थोड्याच वर्षांत रायफली बंद, आणि १९८० च्या दशकात काडतूसही बंद. म्हणजे १९७० साली जन्मलेल्या पोराला हौसेनं ती रायफल दिली असेल, तर ते बारा वर्षांचं होईतो तिच्यात घालायला दुकानात काही उरलं नव्हतं. म्हणून तान्ह्या बाळासाठी नव्या नवलाईचं काडतूस घेऊ नये, मग जाहिरात काहीही म्हणो. पॉइंट २२ लाँग रायफल हे बारीक रिमफायर काडतूस, बोलण्यात नुसतं बावीस, १८८७ पासून चालत आलेलं आहे. ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून जराशी जड शिशाची गोळी, नेहमीच्या काडतुसात सेकंदाला सव्वातीनशे ते पावणेचारशे मीटर वेग, आणि खांद्याला जाणवेल न जाणवेल इतका धक्का. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ते याच काडतुसावर. खारीपासून ऑलिंपिकपर्यंत जे चालतं ते २०४० मध्येही मिळेल, असं मानायला हरकत नाही. हरणाच्या रायफलीचाच हट्ट असेल तर .३०-३० किंवा .३०-०६ सारखं जुनं, रुळलेलं घ्यावं. पण ती दुसरी भेट. पहिली बावीसचीच.

आणि काडतुसं रायफलीबरोबरच घेऊन ठेवावीत. डिसेंबर २०१२ नंतर अमेरिकेत पॉइंट २२ ची अशी टंचाई झाली की दोन-अडीच वर्षं दुकानांचे फडताळ रिकामे राहिले, आणि पोरांना नेमबाजी शिकवणाऱ्यांची पंचाईत झाली. पाचशेचा एक डबा, ज्याला तिकडे ब्रिक म्हणतात, रबरी पट्टीच्या घट्ट झाकणाच्या लोखंडी पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसह, घराच्या थंड कोरड्या भागात. दमट तळघरात नाही, उन्हाळ्यात भट्टी होणाऱ्या माळ्यावर नाही, आणि रायफलीच्या शेजारी तर मुळीच नाही. असं ठेवलं तर ती काडतुसं सहज दोन-तीन दशकं चालतात.

आता यंत्र कुठलं. रूगरची १०/२२ ही १९६४ पासूनची अर्ध-स्वयंचलित रायफल, वजन साधारण पाच पौंड, गोल फिरत्या मॅगझीनमध्ये दहा काडतुसं. सुटे भाग गल्लोगल्ली. भेट म्हणून हीच सर्वांत जास्त उचलली जाते, आणि रायफल म्हणून तिला नाव ठेवायला जागा नाही. पण शिकणाऱ्याच्या हातात मला ती दुसऱ्या टप्प्याला बरी वाटते. चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप तयार, म्हणजे पोराला थांबून विचार करायची सवय लागत नाही. शिवाय कायद्याचाही एक चिमटा. पेनसिल्व्हेनियात २०१७ पर्यंत अर्ध-स्वयंचलित रायफलीनं कसलीच शिकार करता येत नव्हती, खारीचीसुद्धा. २००५ मध्ये तिथे नातवाला १०/२२ घेणाऱ्या आजोबांचं नशीब थोर, की कायदा नेमका पोराच्या बाराव्या वर्षी बदलला. बोल्ट-अॅक्शन एकेरी असो वा मॅगझीनची, चेक बनावटीची सीझेड असो वा साधी सॅव्हेज, तिचे दोन गुण या कामाला नेमके लागतात. बोल्ट बाहेर काढला की ती रायफल नुसती नळी आणि लाकूड उरते. आणि नळी मागून, चेंबरच्या म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूनं साफ करता येते. लिव्हरच्या, म्हणजे चापाभोवतीची कडी खालीवर करून भरायच्या, बहुतेक रायफलींत साफसफाईचा गज पुढून, तोंडातून घालावा लागतो. गज तोंडाच्या कडेला घासत राहिला की तिथली धार झिजते आणि नेम बिघडतो. बावीसच्या नळ्या गोळ्यांनी कमी आणि अतिउत्साही साफसफाईनं जास्त खराब होतात, हे जुने कारागीर उगाच सांगत नाहीत.

लिव्हरमध्ये एक अपवाद मला मनापासून आवडतो, मार्लिनची ३९ए. हिचं मूळ १८९१ च्या मॉडेलपर्यंत मागे जातं. रिसीव्हरच्या, म्हणजे आतलं यंत्र बसतं त्या धातूच्या भागाच्या, उजव्या अंगाला एक मोठा स्क्रू असतो, नाण्यानं सुटतो. तो सोडवून घोडा मागे घेतला आणि मागचा भाग हलक्या हातानं बाजूला ढकलला की रायफलीचे दोन तुकडे होतात. मग बोल्ट निघतो, नळी मागून साफ होते, आणि दोन तुकडे दोन कुलपांत ठेवता येतात. पोलादी रिसीव्हर, अक्रोडाचा दस्ता, वजन साडेसहा पौंड. आता जुन्या बाजारात शोधावी लागते. कंपनी रेमिंग्टनकडे गेली, रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळ्यात गेली, मार्लिन रूगरनं घेतली. जुनी घेताना दोन तुकडे जोडून हातानं पिळून बघावेत, सांध्यात खेळ नको. स्क्रूच्या खाचा चावलेल्या दिसल्या तर कुणीतरी चुकीच्या पेचकसानं आत हात घातलाय असं समजावं. रिसीव्हरच्या मागे, जिथे लाकूड बारीक होतं, तिथे नखानं चाचपून तडा बघावा. बापाच्या जन्मवर्षाची रायफल शोधून नातवाला देणारेही असतात. त्यांच्यासाठी १९७३ पासूनच्या मार्लिनची एक सोपी खूण आहे. क्रमांकाचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा करायचे. २७ ने सुरू झाला तर १९७३, १५ ने तर १९८५. जुन्या विंचेस्टरसाठी मात्र वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयाकडे कारखान्याच्या वह्या आहेत. तिथून फी भरून नोंदीचं पत्र मागवता येतं, आणि ते पत्र रायफलीबरोबर दिलं तर भेटीला वजन येतं.

पिवळ्याधमक रिसीव्हरच्या रायफली फोटोत छान दिसतात, हेही खरं. हेन्रीची गोल्डन बॉय बारशाच्या खरेदीत हमखास पुढे येते. अष्टकोनी नळी, लिव्हर गुळगुळीत, पोरांना वापरायला सोपी. फक्त तो पिवळा भाग म्हणजे भरीव पितळ नव्हे हे लक्षात ठेवून घ्यावी, आणि गावातल्या ट्रॉफीवाल्याकडे त्यावर नाव कोरायला देऊ नये.

दस्त्याबद्दल लोक रंगावर जातात. बघायचं ते माप. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्या माणसाच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. बारा वर्षांच्या पोराला बारा, फार तर साडेबारा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळग्यात टेकवावं. बोटाचं पहिलं पेर चापावर आलं तर माप बरोबर. अनेकजण इथे करवत काढतात. चांगल्या अक्रोडाचा दस्ता दीड इंच कापला की तो परत चिकटत नाही, आणि पोरगं तीन वर्षांत उंच होतं. त्यापेक्षा छोट्या मापाचा दुसरा, स्वस्त बर्चचा दस्ता घ्यावा आणि मूळचा कापडात गुंडाळून ठेवावा. टोकाला मऊ रबराची गादी असलेली रायफल पडून ठेवायला वाईट. रबर दहा-पंधरा वर्षांत एक तर दगड होतं, नाही तर चिकट होऊन कपाटाच्या तळाला धरतं. कडक प्लॅस्टिकची किंवा पोलादी पट्टी बरी. लाकडाला बाहेरून चकचकीत पॉलिश असतं, पण आतून, नळी बसते त्या खोबणीत आणि टोकाच्या पट्टीखाली, लाकूड बहुधा कोरडंच सोडलेलं असतं, आणि ओल शिरते ती तिथूनच. पट्टीचे दोन स्क्रू काढून, उघड्या रेषांवर जवसाचं उकळलेलं तेल पातळ थरांत, प्रत्येक थर पुरता वाळू देत, तीन-चार वेळा लावावं. एवढं केलं नाही तर लाकूड ऋतूनुसार फुगतं, नळीला एका बाजूनं टेकतं आणि गोळी दर वर्षी नव्या जागी जाते. बोल्ट-रायफलीत नळी मोकळी ठेवलेली असते. तिथे नळी आणि लाकडाच्या फटीतून नोटेचा कागद सरकवून बघतात. अडला तर लाकूड हललंय.

प्लॅस्टिकला नाकं मुरडणाऱ्यांसाठी एवढंच, की रेमिंग्टनची नायलॉन ६६ ही १९५९ ची रायफल नायलॉनच्या दस्त्यासह आजही धडधाकट सापडते. माझी पसंती तरी लाकडालाच आहे, आणि त्याचं कारण निव्वळ भावनेचं आहे.

लोखंडाचं गणित वेगळं. नळीचा तो काळा-निळा रंग म्हणजे रंग नव्हे. उकळत्या क्षारांच्या टाकीत, १४० अंशांच्या आसपास, पोलादावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो तो. एका परीनं आवरलेला गंजच. तो तेल धरून ठेवतो, स्वतः गंज थांबवत नाही. बाळाला भेटायला आलेले पाहुणे रायफल हातात घेऊन फोटो काढतात, कौतुकानं परत ठेवतात, आणि महिन्या-दीड महिन्यात नळीवर बोटांचे तपकिरी ठसे उमटतात. घामातलं मीठ. हाताळल्यावर तेलाच्या फडक्यानं पुसायचं, हा नियम पाहुण्यांच्या तोंडावर पाळायला जड जातो, पण पाळावा. त्याहून मोठा घात करते ती देखणी पेटी. मखमली अस्तराची, चामड्याची, फोमची, कुठलीही असो. फोम ओल शोषतो आणि लोखंडाला चिकटवून ठेवतो, कमावलेल्या चामड्यातले क्षार त्यात भर घालतात. भेट देताना पेटी हवी तर जरूर द्यावी, पण रायफल तीत झोपवून बारा वर्षं कुलूप लावू नये. सिलिकॉन लावलेला विणलेल्या कापडाचा मोजा किंवा गंजरोधक कागद बरा. तिजोरीत आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली, साध्या काट्याच्या आर्द्रतामापकानं बघत राहायची. वीज असेल तर तळाशी आतली हवा किंचित ऊबदार ठेवणारी दांडी, नसेल तर सिलिका जेलचा डबा, जो दर काही महिन्यांनी ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून पुन्हा कोरडा करायचा. पातळ तेल वर्षभरात उडतं किंवा चिकट होऊन बोल्टच्या स्प्रिंगला धरतं. लांब मुक्कामासाठी जाड ग्रीसचा पातळ हात लागतो. आणि रायफल तोंड वर करून उभी ठेवली की हे सगळं तेल हळूहळू खाली, दस्त्याच्या बारीक भागात उतरतं. तिथलं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. जुन्या रायफलींचे दस्ते रिसीव्हरमागे तडकलेले दिसतात, त्यातल्या कितीतरी तेलानं मेलेल्या असतात. तोंड खाली करून ठेवाव्यात, किंवा आडव्या. नळीच्या तोंडात ओल जाऊ नये म्हणून बोळा कोंबणारेही भेटतात. तो नळीतली ओल आतच कोंडतो, आणि कधीतरी कुणीतरी बोळा न काढता चाप ओढतं.

सहा महिन्यांनी एकदा बाहेर काढायची. दिवाळीला आणि पाडव्याला म्हणा हवं तर.

पण ठेवण्याआधी ती उडवायची. 'न उडवलेली' म्हणजे किंमत जास्त, ही समजूत इथे फार नडते. विंचेस्टरनं १९६० च्या दशकात स्मृती म्हणून सोनेरी सजावटीच्या रायफली काढायला सुरुवात केली. १९६६ ची सेंटेनिअल ६६ एकटीच लाखाहून जास्त निघाली. हजारो घरांत त्या डब्यासकट, प्लॅस्टिकसकट जपल्या गेल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे दुर्मीळ झाल्या नाहीत, आणि एक गोळी उडवली तरी जी काही किंमत आहे ती जाईल या भीतीनं कुणी वापरल्याही नाहीत. नवीन घेतलेल्या रायफलीतून पहिल्याच महिन्यात शंभर गोळ्या झाडाव्यात. काडतूस नीट शिरतं का, रिकामं टरफल फेकलं जातं का, काडतुसावर पिनचा ठसा खोल बसतो का, हे आत्ताच कळू दे, वॉरंटी असताना. मग शांतपणे, बाकावर टेकून, पन्नास यार्डांवरच्या कागदी निशाणावर पाच गोळ्यांचा एक गट. तो कागद, तारीख आणि वाऱ्याची नोंद करून, फाइलला लावायचा. त्याच फाइलमध्ये पावती, क्रमांक, माहितीपुस्तिका. कंपनीकडे नोंदणी कार्डही पाठवावं. २०१४ मध्ये रेमिंग्टननं मॉडेल ७०० च्या एक्स-मार्क प्रो चापात दोष निघाल्यावर रायफली परत मागवल्या. तिजोरीत झोपलेल्या रायफलीच्या मालकाला हे पत्र पोचायला हवं ना. आणि सुटे भाग: फायरिंग पिन, टरफल ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर, मुख्य स्प्रिंग, दोन जादा मॅगझीन. सगळ्यात आधी हरवतं ते मॅगझीनच. इलियन गावातला रेमिंग्टनचा दोनशे वर्षांच्या परंपरेचा कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. कंपन्यांचं आयुष्य गृहीत धरू नये. रिमफायर रायफलीचा चाप रिकामा ओढला तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खळगी पडते, आणि पोरं चाप रिकामा ओढणारच. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायला मिळतात ते पिवळे प्लॅस्टिकचे छोटे गट्टू चेंबरमध्ये घालून सराव करवतात. चिल्लर किमतीत महागाची दुरुस्ती वाचते.

नाव घालायची घाई नको. तिकडे बाळाचं नाव हॉस्पिटलमध्येच ठरतं, पण न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात जावई अमेरिकन असेल, तर बारशाआधी आजोबांनी कोरलेलं नाव आत्याच्या एका शब्दासरशी बदलू शकतं. गंमत सोडा. रिसीव्हरवर कोरायचं तर बंदुकीचंच काम करणारा कारागीर गाठावा. रायफल रात्रभर दुकानात ठेवून घ्यायची तर त्याच्याकडे संघीय परवाना लागतो. क्रमांकाच्या जवळपासही हत्यार फिरू नये, तो खराब करणं हा संघीय गुन्हा आहे. मला पटते ती दस्त्याच्या खालच्या अंगाला, टोकाजवळ, लाकडात बसवलेली चांदीची लंबगोल पट्टी. आद्याक्षरं आणि जन्मवर्ष, बस्स. धातूवरचं कोरीवकाम कायमचं, पट्टीचे दोन छोटे स्क्रू मात्र कधीही सुटतात. तो सुटण्याचा मार्ग ठेवावा.

कायद्यानं बाळ काहीच विकत घेत नाही. १९६८ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदार अठराखालच्या व्यक्तीला रायफल विकू शकत नाही. आजोबा विकत घेतात, बंदूक खरेदीच्या सरकारी फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार मीच असं लिहितात, आणि स्वतःच्या पैशानं घेतलेली खरी भेट असेल तर ते चालतं. पण मुलानं किंवा सुनेनं 'बाबा, निम्मे आमच्याकडून' म्हणत पैसे दिले की चित्र धूसर होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात, पुतण्यानं काकांकडून आधी पैसे घेऊन स्वतःच्या नावानं पिस्तूल घेतल्याबद्दल, पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम ठेवली. आजोबा एका राज्यात आणि नातू दुसऱ्यात असेल तर रायफल गाडीत घालून नेऊन देता येत नाही. घेणाऱ्याच्या राज्यातल्या दुकानदारामार्फत, आई किंवा बापाच्या नावानं, तपासणीसह हस्तांतर करावं लागतं. मृत्युपत्रानं आलेली असेल तर वेगळं. भेट बाळाची म्हणायची, मालकी आईबापाची. हे घरात आधी बोलून घ्यावं, कारण काही आयांना ते नको असतं आणि त्यांना ते बाळंतपणाच्या खाटेवर सांगावं लागणं बरं नव्हे.

त्या नको म्हणणाऱ्या आईकडे कारणं आहेत. २०१३ मध्ये केंटकीतल्या एका खेड्यात पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याची दोन वर्षांची बहीण गेली. त्याला भेट मिळालेली मुलांच्या मापाची एकेरी बावीस घराच्या कोपऱ्यात उभी होती, आत काडतूस राहिलंय हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कुलात पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांचे जीव घेतले. ते पिस्तूल बापानं चारच दिवस आधी ख्रिसमसची आगाऊ भेट म्हणून घेतलं होतं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं गेलं. २०२० पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण मोटारी राहिल्या नाहीत, बंदुका झाल्या. हे माहीत असताना रायफल भिंतीवर पाळण्याच्या वर टांगून फोटो काढणाऱ्यांचं मला काही केल्या कौतुक वाटत नाही. सत्तरच्या दशकातली काचेच्या दारांची लाकडी कपाटंही तशीच. शोभा छान, आणि काच फोडायला खेळण्यातली मोटार पुरे. पोलादी तिजोरी, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टनं आवळलेली. चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीनं, दोन्हींनी बघायचं. अंधारात करंगळीच खरी. चेंबरमधून आरपार जाणारं वायरचं कुलूप हे चापावरच्या कुलपापेक्षा बरं, कारण ते लावलं असताना काडतूस आत जाऊच शकत नाही. बोल्ट वेगळ्या पेटीत, काडतुसं तिसऱ्या जागी. किल्ली फ्रिजवर नाही, मोज्यांच्या खणात नाही. आईबापांना वाटतं पोरांना ठाऊक नाही. पोरांना दोन्ही जागा ठाऊक असतात.

आपल्याकडे हे असं घडूच शकत नाही म्हणावं, तर कर्नाटकातलं कोडगू, म्हणजे कूर्ग, आठवतं. कोडवांच्या घरात मुलगा जन्माला आला की बाळाच्या हाती एरंडाच्या काडीचं इवलंसं धनुष्य द्यायची आणि बाहेर बंदुकीचा एक बार काढायची जुनी रीत. मरणाला दोन बार. कैलपोढ सणाला बंदुका पुजतात, नळीच्या तोंडाशी कळलावीचं फूल लावतात. ब्रिटिशांच्या काळापासून त्यांना परवान्याची सूट आहे, २०१९ मध्ये केंद्रानं ती दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तिथे बंदूक एकट्या पोराची नसते, घराण्याची असते. सांभाळायचं ओझं पंधरा माणसांत वाटलं जातं. बाकी भारतात एकविसाच्या आत परवाना नाही. कोकणातल्या शेतकऱ्याकडची रानडुकरांसाठीची ठासणीची बंदूक पुढच्या पिढीकडे जाते ती वारसाच्या परवान्यानंच: मालक गेल्यावर, किंवा तो सत्तरीला पोचल्यावर, किंवा पंचवीस वर्षं बाळगून झाल्यावर. दसऱ्याला तिच्यावर झेंडू वाहणारा नातू तोवर नुसता बघतो. ही व्यवस्था मला रुक्ष वाटायची, आता तितकी वाटत नाही.

बारावं वर्ष येतं तेव्हा करायच्या गोष्टी थोड्या. ग्रीस टर्पेंटाइननं पुसून काढायचं, नळीतून कोरडी चिंधी दोनदा, दिव्यासमोर धरून आत बघायचं. छोटा दस्ता चढवायचा. एका वेळी एकच काडतूस, पंचवीस यार्ड, कानाला आणि डोळ्यांना संरक्षण. जुन्या कागदावरचा गट आणि आजचा गट शेजारी ठेवायचा. सरकला असेल तर आधी दस्त्याचे स्क्रू बघायचे, मगच नेमाला हात लावायचा. दुर्बीण बारा वर्षांपूर्वी घेतली नसेल तर उत्तमच, कारण दुर्बिणी दर काही वर्षांनी स्वस्त आणि चांगल्या होतात. रायफल घेताना फक्त ती बसवायची सोय आहे ना, एवढं बघितलेलं असावं. १९८० च्या आधीच्या विंचेस्टर ९४ मध्ये टरफल सरळ वर उडतं, तिथे दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसतच नाही.

आणि पोरीला किंवा पोराला ती नकोच असेल तर? असं पुष्कळदा होतं. शहरात वाढलेलं, मांस न खाणारं, शाळेत गोळीबाराच्या कवायतीत बाकाखाली लपायला शिकलेलं मूल आजोबांची रायफल बघून मान हलवतं. म्हणून फाइलमधल्या आजोबांच्या पत्रात एक ओळ असावीच: तुला नको असेल तर विकून टाक, मला चालेल. ही ओळ नसल्यामुळे कितीतरी रायफली नको असलेल्या घरांत, नको तितक्या ढिल्या कुलपांत पडून राहतात, कारण आजोबांची आठवण विकायची कशी. विकायची ती परवानाधारक दुकानदाराकडे, पावती घेऊन. दुकानदार पट्टी बघून भाव थोडा पाडतो, दुसऱ्याच्या आद्याक्षरांची रायफल गिऱ्हाईक सहसा घेत नाही. तेव्हा ते दोन स्क्रू आधीच सोडवून ठेवावेत, भोकांत मेण आणि लाकडाची पूड भरावी, आणि पट्टी घरी ठेवून घ्यावी.